शेजारच्या मेजावरील पगार

(जुबिलीनिमित्त भरलेल्या नोकरदार वर्गाच्या सभेंतील भाषण)



जुबिलीच्या या दिवसांत देवळाचा इतिहास सांगणारे वक्ते आपण ऐकले. आमच्या वांट्यास व्यवहाराचा विषय आला आहे. शेजारच्या मेजावर बसून आपल्यासारखेंच काम करणाऱ्या माणसास आपल्याहून अधिक पगार मिळतो, असें एके दिवशीं कळलें, तर काय करावें? विषय लहान दिसतो. परंतु गिरगांव, दादर, परळ, लालबाग या भागांतील ज्या कुटुंबांस पगाराखेरीज दुसरें उत्पन्न कधीं ठाऊक नव्हतें, त्यांस तो लहान वाटणार नाहीं. गिरणी, गोदी, आगबोट आणि फोर्टांतील कचेरी या चार ठिकाणच्या पगारावर आमच्या कित्येक पिढ्या वाढल्या. खोलीचें भाडें, मुलांची फी आणि गांवीं पाठवावयाची मनिऑर्डर हीं सर्व त्याच पाकिटांतून निघत.

ही बातमी सरळ वाटेनें सहसा येत नाहीं. बोनसच्या दिवशीं कोणी तरी आंकडा बोलून जातो, कर्जाच्या अर्जावर शेजाऱ्याचा पगार दृष्टीस पडतो, किंवा नवीनच लागलेला एखादा मुलगा भाबडेपणानें आपला आंकडा सांगून टाकतो. ऐकणारा हंसून विषय बदलतो, आणि रात्रीं त्यास झोंप येत नाहीं. चमत्कार असा कीं, त्याचा पहिला राग साहेबावर नसतो, तर त्या बिचाऱ्या सहकाऱ्यावर असतो. त्यानंतर, आमच्यासारख्या देवळांत वाढलेल्या माणसाच्या मनांत दुसरी शंका उभी राहते. हा मत्सर तर नव्हे? पापनिवेदनांत सांगून मोकळें व्हावें, कीं साहेबाच्या खोलीचें दार ठोठवावें?

दुसऱ्याचें कमी व्हावें असें वाटणें हा मत्सर खरा. आपल्या कामाचें मोल त्याच कामाच्या मोलाइतकें व्हावें असें वाटणें हा मत्सर नव्हे. एवढा भेद ध्यानांत ठेवला, तर दार ठोठावण्यास हरकत नाहीं.

तरी येथें कोणी तरी द्राक्षमळ्याचा दाखला हमखास पुढें करतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायांतील ती गोष्ट आपणां सर्वांस माहीत आहे. पहांटेपासून उन्हांत राबलेल्या मजुरांस आणि दिवस मावळतां मावळतां तासभर काम केलेल्यांस धन्यानें सारखीच मजुरी दिली. पहांटेच्या मजुरांनीं कुरकुर केली. धन्यानें त्यांस गप्प केलें. तेव्हां मजुरानें दुसऱ्याच्या हातांतील पैशांकडे पाहूं नये, असा अर्थ कित्येक मालक काढतात, आणि क्वचित् एखादा प्रवचनकारहि काढतो. आम्हांस तो पटत नाहीं. त्या धन्यानें कोणाच्याहि मजुरींतून एक पैसा कापला नव्हता. पहांटेच्यांस ठरलेला दीनार पुरा मिळाला, आणि उशिरां आलेल्यांसहि दिवसाची पुरी मजुरी मिळाली. जें कमी होतें तें त्यानें वर आणलें. एकाच कामावरील दोघांपैकीं एकास कायमचें खालीं ठेवणाऱ्या मालकास त्याच्या नांवाचा आधार कसा मिळावा?

आतां एक घडलेला खटला सांगतों. तो याच शहरांतील आहे, आणि त्यांतील फिर्यादी बाईंचें नांव आपल्या कानांस परकें वाटणार नाहीं.

मॅकिनन मॅकेन्झी ही आगबोटींची जुनी कंपनी. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटींची व्यवस्था तिच्याकडे असे. बॅलार्ड इस्टेटींत तिच्या नांवाची इमारत आहे. त्या कंपनींत ऑड्री डिकोस्टा या लघुलेखिका म्हणून काम करीत असत. वरिष्ठ अधिकाऱ्यांजवळ बसून त्यांचा खासगी पत्रव्यवहार उतरून घेणाऱ्या आणि टंकलिखित करणाऱ्या स्त्रियांस तेथें ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’ म्हणत. पुरुष लघुलेखक त्याच कंपनींत दुसरीकडे एकत्र बसत. काम तेंच, श्रुतलेखन घ्यावयाचें आणि मग यंत्रावर बसावयाचें. परंतु सारखींच वर्षें नोकरी झालेल्या पुरुषाच्या हातांत महिनाअखेर अधिक पैसे पडत.

१९७५ हें आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होतें. त्या वर्षीं २६ सप्टेंबर रोजीं केंद्र सरकारनें समान वेतनाचा वटहुकूम काढला, आणि १९७६ मध्यें त्याचा कायदा झाला. त्यापूर्वींच राज्यघटनेच्या ३९ व्या अनुच्छेदानें स्त्रीपुरुषांस समान कामाबद्दल समान वेतन हें ध्येय सरकारपुढें ठेविलें होतें, आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा याच विषयावरील १९५१ चा करार भारतानें १९५८ सालीं मान्यहि केला होता. परंतु ध्येय आणि कायदा यांच्यांत पंचवीस वर्षें गेलीं. १९७७ च्या जूनमध्यें डिकोस्टाबाईंची नोकरी संपुष्टांत आली. त्यानंतर त्यांनीं कायद्यानें नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज केला. वटहुकूम निघाल्यापासून नोकरी संपेपर्यंतच्या काळांत, आपल्याइतकीच नोकरी झालेल्या पुरुष लघुलेखकास जें मिळालें आणि आपणांस जें मिळालें, त्यांतील फरक द्यावा, एवढेंच त्यांचें मागणें होतें.

कंपनीनें काय उत्तर दिलें, तें लक्ष देऊन ऐकावें. कारण नांवें बदलून तेंच उत्तर आजहि मिळतें. पहिलें उत्तर असें कीं, वेतनश्रेणी सर्वांस एकच आहे, मग भेद कोठें आहे? दुसरें असें कीं, साहेबांजवळ बसणाऱ्या लघुलेखिका हा वेगळाच वर्ग आहे. त्या जागेवर आम्ही पुरुष नेमीतच नाहीं, तेव्हां पुरुषाशीं तुलना होतेच कशी? तिसरें असें कीं, १९७५ सालीं कामगारांच्या युनियनशीं रीतसर करार झाला आहे, आणि पगार त्या कराराप्रमाणें दिला आहे. शेवटचें उत्तर कंपनीच्या बिकट आर्थिक स्थितीचें होतें.

अर्ज ऐकणाऱ्या पहिल्या अधिकाऱ्यास काम सारखेंच आहे असें दिसलें. तरीहि करार झाला आहे म्हणून त्यानें अर्ज फेटाळला. येथें पुष्कळांनीं कागद गुंडाळून घरचा रस्ता धरला असता. डिकोस्टाबाईंनीं अपील केलें, आणि अपिलांत त्यांस सुमारें सात हजार रुपये देण्याचा हुकूम झाला. वीस-एकवीस महिन्यांवर ती रक्कम वांटून पाहिली, तर दरमहा साडेतीनशेंच्या आसपास फरक पडतो. त्या काळीं साडेतीनशें रुपये म्हणजे काय, हें ज्यांनीं तेव्हां घर चालविलें त्यांस सांगावयास नको. कंपनीनें ती रक्कम दिली नाहीं. ती मुंबईच्या उच्च न्यायालयांत गेली, तेथें एका न्यायमूर्तींपुढें हरली, मग दोघांच्या पीठापुढें हरली, आणि शेवटीं दिल्लीस सर्वोच्च न्यायालयांत गेली. सात हजारांसाठीं एवढी मजल कोणी मारीत नाहीं. इतर लघुलेखिकाहि उद्यां हेंच मागतील ही खरी धास्ती असावी, असें आम्हांस वाटतें.

२६ मार्च १९८७ रोजीं न्यायमूर्ति वेंकटरामय्या आणि न्यायमूर्ति दत्त यांनीं निकाल दिला आणि कंपनीचा अर्ज फेटाळला. वेतनश्रेणी एक असली तरी त्या श्रेणींत कोणास कोणत्या पायरीवर बसविलें तें पाहिलें पाहिजे; भेद त्या बसविण्यांत झाला होता, असें न्यायालयास आढळलें. शिडी एकच होती. पुरुषास वरच्या पायरीवर उभें केलें आणि स्त्रीस खालच्या. साहेबांजवळच्या जागेवर पुरुष नेमलाच नाहीं, याचा लाभ मालकास मिळत नाहीं. बसण्याची जागा वेगळी असली तरी काम व्यवहारतः तेंच असेल तर मोलहि तेंच. दोन कामांची तुलना करतांना बारीकसारीक फरक काढीत बसूं नये, मोठ्या दृष्टीनें पाहावें. आणि कागदावर कोणतीं कामें सांगतां येतील यापेक्षां प्रत्यक्ष कोणतीं कामें केलीं जातात तें पाहावें. कायद्याविरुद्ध असलेला करार कायद्यापुढें टिकत नाहीं. आणि आर्थिक अडचणीचें कारण सांगून एकाच वर्गाच्या माणसांस कमी देण्याची मुभा हा कायदा देत नाहीं.

करारासंबंधीं येथें दोन शब्द अधिक बोलावयाचे आहेत. ‘तूं सही केली होतीस ना?’ या प्रश्नापुढें आमचीं माणसें हतबल होतात. सही केली हें खरेंच असतें. परंतु १८९१ सालीं पोप तेरावे लिओ यांनीं ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकांत नेमका हाच प्रश्न घेतला होता. मजुरानें आपखुषीनें मजुरी ठरविली, मालकानें ती दिली, मग न्याय संपला, असें म्हणणाऱ्यांस त्यांनीं उत्तर दिलें, तें असें: दोघांच्या ठरावाहून जुना आणि श्रेष्ठ असा एक न्याय आहे, आणि गरजेनें गांजलेल्या माणसानें दुसरा मार्ग नसल्यामुळें मान्य केलेली कठोर अट ही आपखुषी नव्हे. बॅलार्ड इस्टेटीच्या खटल्यांत तर सही बाईंची एकटीची नव्हती, सबंध युनियनची होती; आणि त्या करारानें स्त्रियांस जेथें बसविलें तेथेंच भेद निघाला. आम्ही युनियनचे विरोधक नाहीं. परंतु बहुमतानें केलेल्या करारांतहि थोड्या माणसांचा बळी जाऊं शकतो, हें युनियनवाल्यांनींहि मान्य करावें.

आमचें मुख्य सांगणें येथें येतें. पगारांतील भेद उघड दरांत क्वचितच सांपडतो. तो खणांत लपलेला असतो. माणसास कोणत्या खणांत टाकलें, त्या खणावर कोणती चिठी लावली, हें पाहिल्याशिवाय पगार कमी कां तें समजत नाहीं.

याच किनाऱ्यावरून सुटणाऱ्या बोटींवर आमच्या गोंयकार बांधवांनीं आणि इतर हिंदी खलाशांनीं सबंध आयुष्यें घालविलीं. धोबीतलावच्या कुडांतून ते निघत आणि दोनदोन वर्षांनीं परत येत. इंग्रजी राज्यांत त्याच बोटीवर, त्याच समुद्रांत, गोऱ्या खलाशाचा पगार हिंदी खलाशाच्या कित्येक पट असे. कारण दोघांच्या नेमणुकीचे करारनामेच वेगळे असत. १९३९ मध्यें महायुद्ध सुरू होतांच हिंदी खलाशांनीं बोटीबोटींवर काम बंद केलें, तेव्हां कोठें त्यांचे पगार वाढले.

गिरणगांवाकडे पाहा. कापडगिरणींत विणकामाच्या खात्यांत, म्हणजे साचाखात्यांत, मिळकत चांगली असे. परंतु तेथें अस्पृश्य मानलेल्या कामगारांस शिरूं देत नसत. धोट्यांतील धागा तोंडानें ओढून घ्यावा लागे आणि त्यांत विटाळ होतो, हें कारण सांगितलें जाई. सूतकताईच्या कमी पगाराच्या खात्यांत मात्र त्यांचे हात चालत. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढें स्पष्ट मांडला. पगारवाढ मागणाऱ्यांच्या रांगेंतच एक दार आंतून बंद होतें, हें त्यांनीं दाखवून दिलें. स्त्रियांचीहि तीच कथा. बहुतेक सर्व वायंडिंग आणि रिळिंगच्या खात्यांत.

आणि हें केवळ जुनें आहे असें कोणी समजूं नये. मुंबई महापालिकेच्या कचरा उचलणाऱ्या कंत्राटी कामगारांनीं वर्षानुवर्षें हाच झगडा केला. कचरा तोच, रस्ता तोच, परंतु एक माणूस पालिकेचा आणि दुसरा ठेकेदाराचा. २०१७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अशा २,७०० कामगारांच्या बाजूनें निर्णय दिला, तेव्हां त्यांच्या खणाची चिठी निघाली.

कायद्याचा आधार कोठपर्यंत पोहोंचतो, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. १९७६ च्या कायद्याची जागा २०१९ च्या वेतन संहितेनें घेतली आहे. लिंगभेदावरून वेतनांत भेद करूं नये हें तत्त्व तींतहि आहे. आणि जुन्या कायद्यांतील एक चांगली तरतूदहि तींत राहिली आहे, ती अशी कीं, बरोबरी साधण्यासाठीं मालकास कोणाचाहि पगार कमी करतां येत नाहीं. आपण तोंड उघडलें तर शेजाऱ्याचा घांस जाईल, या भीतीनें गप्प बसणाऱ्या भगिनींनीं हें अवश्य लक्षांत ठेवावें. सरकारी नोकरींत न्यायालयें याहून पुढें गेलीं आहेत. १९८२ सालीं रणधीर सिंग या दिल्लीच्या पोलीस दलांतील मोटारचालकास, इतर सरकारी चालकांइतकें वेतन मिळावें असा निर्णय झाला. २०१६ सालीं पंजाबच्या एका खटल्यांत तात्पुरत्या सरकारी नोकरांसहि तेंच तत्त्व लागूं केलें. परंतु खासगी कचेरींतील दोन पुरुष, किंवा दोन स्त्रिया, यांच्यांत साहेबानें एकास अधिक दिलें, तर केवळ समान वेतनाच्या कायद्यावर बोट ठेवून दाद मिळत नाहीं. तेथें बोलणी हाच मार्ग, आणि युनियन असेल तर युनियन.

तर बोलणी कशी करावी? प्रथम बातमी खरी आहे का तें पाहावें. शेजाऱ्याच्या आंकड्यांत ओव्हरटाईम, रात्रपाळीचा भत्ता, जुन्या नोकरींतील वाढ असें कांहीं मिसळलें आहे का? मग स्वतःचें काम लिहून काढावें. नेमणूकपत्रांत लिहिलेलें काम आणि आपण रोज करतों तें काम यांत पुष्कळदां जमीनअस्मानाचें अंतर असतें, आणि न्यायालयानेंहि प्रत्यक्ष केलेल्या कामाकडेच पाहावें असें सांगितलें आहे. कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी हीं कायद्याचीं चार मापें आहेत. तीं पुढें ठेवून महिन्याभराची टिपणवही केली, तर साहेबापुढें बसतांना जीभ अडखळत नाहीं.

ज्यानें आपणांस आंकडा सांगितला त्याचें नांव घेऊं नये. त्याचा पगार कां वाढविला, हें विचारूं नये. माझें काम कोणत्या बाबतींत त्याच जागेवरील इतरांच्या कामाहून कमी आहे, हें विचारावें. या प्रश्नास सरळ उत्तर देणें साहेबास भाग पडतें. उत्तर असेल तर आपणांसहि तें कळलें पाहिजे. कदाचित् समोरच्या माणसास एखादी परीक्षा उत्तीर्ण झाल्याबद्दल वाढ मिळाली असेल, आणि तीच परीक्षा आपणहि देऊं शकूं. उत्तर नसेल, तर ‘तो वेगळा वर्ग आहे’, ‘करारांत तसें आहे’, ‘यंदा कंपनीची स्थिति नाहीं’, यांपैकीं एखादें वाक्य ऐकूं येईल. तें वाक्य त्याच दिवशीं तारीख घालून लिहून ठेवावें.

घरच्या अडचणी पुढें करूं नयेत, असें आमचें मत आहे. आईचें आजारपण, मुलीचें लग्न, वाढलेलें भाडें हीं कारणें खरीं असतात, आणि चांगला साहेब त्यांनीं विरघळतोहि. परंतु अडचणीवर मिळालेली वाढ ही मेहेरबानी ठरते, आणि मेहेरबानी पुढच्या वर्षीं परत घेतां येते. स्त्रियांच्या बाबतींत तर हें शस्त्र उलटतें. कारण ‘तुझ्या घरीं नवरा कमावता आहे’ हें उत्तर तयारच असतें. पगार कामाचा आहे, कुटुंबप्रमुखाचा नाहीं, हें पहिल्या वाक्यापासून धरून राहावें.

तोंडी बोलणें झाल्यावर चार ओळींचें पत्र द्यावें आणि त्याची प्रत घरीं ठेवावी. आणि हें सर्व नोकरींत असतांना करावें. डिकोस्टाबाईंचा अर्ज नोकरी संपल्यावर झाला आणि निकालास १९८७ साल उजाडलें. त्यांची चिकाटी सर्वांच्या अंगीं नसते, आणि सर्वांजवळ तितकीं वर्षेंहि नसतात. नोकरी जाईल ही भीति आम्ही पोकळ म्हणणार नाहीं. भाड्याच्या खोलींत राहणाऱ्यास ती भीति असणारच. म्हणून शक्य तेथें एकट्यानें जाऊं नये. त्याच खणांत बसविलेल्या दुसऱ्या दोघीचौघी असतातच. त्या मिळून गेल्या तर एकीवर डूख धरतां येत नाहीं, आणि कचेरीस उत्तर लेखी द्यावें लागतें.

ज्यांस अधिक मिळतें त्यांच्याकडेहि आमची एक मागणी आहे. आपला आंकडा लपवूं नये. पगार हें झांकून ठेवण्याचें दुखणें आहे असें साहेबलोक शिकवितात, आणि सुशिक्षित म्हणविणारे आम्ही तें पाळतों. गिरणींत पगाराच्या दिवशीं दाराशीं बसून पाकीट मोजणाऱ्या बायकांस एकमेकींची मिळकत ठाऊक असे. शेजारच्या मेजावरील भगिनीनें विचारलें, तर तिला खरा आंकडा सांगावा, आणि ती अर्ज करील तेव्हां माझें काम व तिचें काम एकच आहे, एवढें लिहून द्यावें. बॅलार्ड इस्टेटीसारख्या खटल्यांत दुसऱ्या मेजावरच्या माणसाची अशी साक्ष लाखमोलाची ठरते.

येत्या रविवारीं दुसऱ्या मिस्सानंतर आमच्यांतील वकिलीचा व्यवसाय करणारे दोघे जण देवळामागील सभागृहांत बसणार आहेत. ज्यांस आपलें नेमणूकपत्र आणि पगाराच्या पावत्या दाखवावयाच्या असतील, त्यांनीं त्या सोबत आणाव्यात. नांव नोंदविण्याची आवश्यकता नाहीं.